कॉल ऑफ द व्हॅली (ध्वनिमुद्रिका)

कॉल ऑफ द व्हॅली ही हिंदुस्थानी वाद्यसंगीताची एक दीर्घ तबकडी (एल.पी.) असून ती १९६७ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने एच.एम.व्ही. या मुद्रेखाली ध्वनिमुद्रित केली. शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) आणि ब्रिजभूषण काबरा (गिटार) हे तिचे तीन प्रमुख वादक होत. तबल्याची साथ माणिकराव पोपटकर यांची आहे. काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, त्या त्या प्रहराच्या रागांतून उभा करावा, अशी या तबकडीची कल्पना आहे. ती भारतातील सर्वाधिक लोकप्रिय वाद्यसंगीत-तबकड्यांपैकी एक मानली जाते. अमेरिका व ब्रिटनमधील फोक रॉक आणि प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्या पिढीनेही ती आपलीशी केली. जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, डेव्हिड क्रॉस्बी आणि रॉजर मॅकग्विन यांची नावे तिच्या चाहत्यांत नेहमी घेतली जातात.

तबकडीच्या वेष्टनावर अर्थातच वादकांची नावे ठळक आहेत. तथापि ती घडवून आणणारे निर्माते गोविंद नारायण तथा जी. एन. जोशी हे वऱ्हाडातील खामगावचे होते, ही गोष्ट मराठी वाचकांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

निर्माता

जी. एन. जोशी (जन्म १९०९) यांचे नाव मराठी भावगीताच्या इतिहासात आरंभीच येते. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी काही काळ नागपुरात वकिली केली, पण ओढ गाण्याची होती. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी चाल लावून गायिली व १९३२ च्या सुमारास तिची तबकडी निघाली. ती महाराष्ट्रभर गाजली. नाट्यपद नव्हे, ख्याल नव्हे, तर स्वतंत्र कवितेचे गाणे असू शकते, हे श्रोत्यांना या तबकडीने दाखवून दिले. पुढे १९३८ मध्ये जोशी एच.एम.व्ही. कंपनीत दाखल झाले आणि सुमारे तीन दशके मुंबईत ध्वनिमुद्रणाचे काम पाहत राहिले. या काळातील त्यांच्या आठवणी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात आहेत. संगीताच्या विद्यार्थ्याने ते अवश्य वाचावे.

कवी आणि गायक दोघेही वऱ्हाडचे, आणि कवितेचा विषय रानातून घुमणारी शीळ. त्यानंतर पस्तीस वर्षांनी त्याच गायकाने निर्माता म्हणून जी तबकडी काढली, तिचाही विषय कुरणातला माणूस आणि त्याची बासरी असावा, हा योगायोग असेल. परंतु जोशींच्या अभिरुचीचा एक धागा दोहोंत सारखा दिसतो. जे शास्त्रीय आहे ते सामान्य श्रोत्याला परके वाटू नये, म्हणून त्याला एखाद्या चित्राचा किंवा कथेचा आधार द्यावा, ही भावगीताची दृष्टी आहे; ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ती वाद्यसंगीताला लावलेली आढळते.

माध्यमाचा प्रश्नही येथे लक्षात घ्यावा लागतो. जोशींची पहिली तबकडी ७८ फेऱ्यांची होती. तिच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत आणि तेवढ्यात कवितेची चार कडवी बसवावी लागत. दीर्घ तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक काळ मिळू लागला. एवढ्या अवकाशात एकच राग विस्ताराने वाजवावा, हा सरधोपट मार्ग होता आणि बहुतेक वादकांनी तोच धरला. या तबकडीत मात्र तो अवकाश सलग कथनासाठी वापरला गेला.

वाद्ये आणि वादक

आज या तिन्ही वाद्यांना शास्त्रीय मैफलीत मानाचे स्थान आहे. त्यामुळे १९६७ साली ही निवड किती धाडसाची होती, याची कल्पना नव्या श्रोत्याला सहसा येत नाही. सतार, सरोद, सारंगी किंवा सनई यांपैकी एकही वाद्य येथे नाही.

संतूर हे काश्मीरमधील सूफियाना मौसिकीत साथीला वापरले जाणारे, सुमारे शंभर तारांचे वाद्य. जम्मूचे शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांनी वडील उमादत्त शर्मा यांच्या सांगण्यावरून ते हाती घेतले आणि १९५५ साली मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात प्रथमच मोठ्या व्यासपीठावर वाजविले. त्यांच्या वादनावरचा मुख्य आक्षेप तांत्रिक होता आणि तो खोटाही नव्हता. तारेवर काडीने आघात केला की स्वर उमटतो व विरतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणारी मींड या वाद्यात निघत नाही, आणि मींडेविना राग कसा मांडायचा? शर्मांनी तारांची रचना व जुळणी बदलली, वाद्य लाकडी घडवंचीऐवजी मांडीवर घेतले आणि काडी तारेवर हलकेच घसरवून स्वर लांबविण्याची रीत बसविली. आक्षेप घेणाऱ्यांची तोंडे बंद व्हायला तरीही बरीच वर्षे लागली.

गिटारची अडचण याच्या अगदी उलट होती. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) हे सरोदवादक अली अकबर खाँ यांचे शिष्य. ते गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी फिरवीत. हवाईयन गिटार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत मींड हवी तेवढी निघते. तिच्यापुढचा प्रश्न प्रतिष्ठेचा होता. आपल्याकडे हे वाद्य सिनेमाच्या गाण्यांच्या धुना वाजविण्यासाठी आणि ऑर्केस्ट्रात रूढ झालेले असल्याने त्यावर आलापी करणारा माणूस हौशी समजला जाई. काबरांनी वाटेची निवड चुकवली नाही, हे पुढे विश्वमोहन भट यांच्या मोहनवीणेने सिद्ध केले. भट यांनी अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासह वाजविलेल्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या ध्वनिमुद्रिकेला १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

बासरीला पन्नालाल घोष यांनी आधीच मैफलीत आणले होते. अलाहाबादचे हरिप्रसाद चौरसिया (जन्म १९३८) आकाशवाणीच्या कटक केंद्रात नोकरी करून मुंबईस आले आणि चित्रपट-संगीताच्या स्टुडिओंत वाजवू लागले. शर्माही त्याच स्टुडिओंत जात. दोघांच्या वादनातील नेमकेपणा, थोडक्यात आशय सांगण्याची हातोटी आणि एकमेकांना जागा करून देण्याची सवय यांमागे स्टुडिओतील ही उमेदवारी आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये. ज्यांना चित्रपट-संगीत हे शास्त्रीय वादकाचे अधःपतन वाटते, त्यांनी या तबकडीकडे या बाजूनेही पाहावे. याच जोडीने पुढे ‘शिव-हरी’ या नावाने ‘सिलसिला’ (१९८१), ‘चांदनी’ (१९८९) व ‘लम्हे’ (१९९१) यांसारख्या चित्रपटांना संगीत दिले.

नादाच्या दृष्टीने पाहता ही त्रयी एकमेकांची उणीव भरून काढते. संतूरचा स्वर ठिबकतो, गिटारचा ओघळतो आणि बासरीचा श्वासाबरोबर फुलतो. जेथे संतूर थांबते तेथून गिटार पुढे नेते, त्यामुळे मींडेचा तो जुना आक्षेप या तबकडीपुरता आपोआप निकालात निघतो. पोपटकरांचा तबला संयमी आहे. तिन्ही वाद्यांच्या नाजूक नादावर तो कोठेही चढत नाही. तबकडीविषयी लिहिणारे त्यांचा उल्लेख बहुधा टाळतात, हे योग्य नाही.

रागरचना

पहिल्या बाजूवर अहिर भैरव, नट भैरव आणि पिलू हे राग, तर दुसऱ्या बाजूवर भूप, देस आणि पहाडी हे राग आहेत. म्हणजे पहिली बाजू पहाटेपासून दुपारपर्यंतची आणि दुसरी सायंकाळपासून रात्रीपर्यंतची. तबकडी उलटविण्यासाठी श्रोत्याला उठावे लागते नेमके तेव्हाच दिवस कलतो. मेंढपाळ पहाटे कळप घेऊन निघतो, दिवस कुरणात घालवतो आणि रात्री त्याची व प्रेयसीची भेट होते, एवढेच कथानक आहे. त्याला शब्द नाहीत, निवेदन नाही.

आरंभीच्या दोन रागांचा जोड विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. अहिर भैरवात रिषभ व निषाद कोमल आणि धैवत शुद्ध असतो. नट भैरवात रिषभ व निषाद शुद्ध होतात आणि धैवत कोमल होतो. भैरवाचे अंग दोहोंत कायम राहते, पण खालचा कोमल रिषभ उजळून शुद्ध झाला की अंधार फिटल्याचा भास होतो. पहाटेकडून सकाळकडे जाण्याची ही क्रिया सूर्योदयाचे कोणतेही वर्णन न करता केवळ स्वरांच्या अदलाबदलीने साधली आहे. ‘अहिर’ हे नाव गवळी-गुराखी समाजाशी जोडले जाते. मेंढपाळाच्या दिवसाचा आरंभ याच रागाने व्हावा, हे औचित्यपूर्ण होय.

पिलू हा ठुमरी-दादऱ्याचा राग. त्यात बाराही स्वरांना वाव असल्याने वादकाला हवे तसे रेंगाळता येते, आणि दुपार ही रेंगाळण्याचीच वेळ आहे.

भूप व पहाडी यांची तुलना अधिक उद्बोधक ठरते. भूपात मध्यम व निषाद वर्ज्य असतात. उरलेले सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर पहाडीचाही कणा आहेत. एवढे साम्य असूनही सायंकाळचा भूप गंभीर व स्थिर वाटतो आणि पहाडी एखाद्या डोंगरी धुनेसारखी हळवी, मंद्र सप्तकात घुटमळणारी वाटते. राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, तर स्वरांवर थांबण्याची, त्यांना वळण देण्याची रीत होय, हे वर्गात फळ्यावर लिहून समजावण्यापेक्षा या तबकडीची दुसरी बाजू ऐकवून लवकर समजते. या दोहोंच्या मध्ये देस येतो. दोन्ही निषादांचा हा राग रात्रीच्या दुसऱ्या प्रहराचा. पावसाशीही त्याचे नाते आहे.

रॉक संगीतातील समकालीन ध्वनिमुद्रिका

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात याच सुमारास एक बदल घडत होता. तबकडी म्हणजे दहा-बारा सुट्या गाण्यांचा संग्रह, ही समजूत मागे पडून एकाच कल्पनेने बांधलेली सलग कृती, म्हणजेच कॉन्सेप्ट अल्बम, पुढे येत होता. बीटल्सची ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ ही तबकडी १९६७ च्या उन्हाळ्यात निघाली. याच वाटेवर पुढे किंग क्रिम्सनची ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ (१९६९), येसची ‘क्लोज टू द एज’ (१९७२) आणि जेथ्रो टलची ‘थिक अॅज अ ब्रिक’ (१९७२) ही प्रोग्रेसिव्ह रॉकची महत्त्वाची ठाणी लागतात. ‘क्लोज टू द एज’मध्ये एकच रचना एक संपूर्ण बाजू व्यापते, तर ‘थिक अॅज अ ब्रिक’ ही दोन्ही बाजूंवर पसरलेली एकच रचना आहे.

या सर्वांत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची सख्खी बहीण शोभावी अशी तबकडी म्हणजे मूडी ब्ल्यूज या इंग्लिश वाद्यवृंदाची ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’. तीही १९६७ चीच. तिचाही विषय पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस हाच आहे. या दोन तबकड्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता, म्हणूनच त्यांची तुलना उपयोगाची आहे. मूडी ब्ल्यूजच्या दिवसात जेवणाच्या सुट्टीवर एक गाणे आहे. म्हणजे तो शहरातील नोकरदाराचा, घड्याळाने कापलेला दिवस आहे. मेंढपाळाच्या दिवसात घड्याळ नाही, फक्त ऊन सरकते. दुसरे असे की, प्रहर बदलल्याचे सांगण्यासाठी इंग्लिश तबकडीला काव्यवाचन आणि पीटर नाइट यांनी संयोजित केलेला मोठा वाद्यवृंद यांचा आधार घ्यावा लागला. हिंदुस्थानी संगीतात रागांचे समयचक्र शतकानुशतके रूढ असल्याने येथे तो सांगाडा आयता मिळाला. इंग्लिश तबकडीतील रात्रीचे गीत अप्रतिम आहे, यात वाद नाही. परंतु मधले वाद्यवृंदाचे दुवे आज काहीसे गोड-गुळचट वाटतात, तर भारतीय तबकडीत दुव्यांची गरजच पडत नाही. एका रागाचा शेवट हीच पुढच्याची तयारी असते.

फोक रॉकशी असलेले नाते निराळे आहे. अमेरिकेतील बर्ड्‌स या वाद्यवृंदाने १९६५ मध्ये लोकगीतांना विजेच्या गिटारची जोड देऊन ही शैली रूढ केली. त्याच वाद्यवृंदातील मॅकग्विन आणि क्रॉस्बी हे रविशंकरांच्या वादनाने भारावलेले होते. ब्रिटनमध्ये इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडने ‘द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर’ (१९६८) या तबकडीत देशोदेशींची वाद्ये एकत्र केली, पेंटँगलच्या ‘बास्केट ऑफ लाइट’ (१९६९) मध्ये सतार ऐकू येते, आणि फेअरपोर्ट कन्व्हेन्शनने ‘लीज अँड लीफ’ (१९६९) मध्ये जुन्या इंग्लिश लोकगीतांना रॉकचा ठेका दिला. शहराला कंटाळून खेड्याकडे, डोंगराकडे, जुन्या गाण्यांकडे वळू पाहणाऱ्या या श्रोत्यांना हिमालयातील मेंढपाळाची गोष्ट लगेच भावली असल्यास नवल नाही. शिवाय तीत गिटार होती. सतारीच्या अपरिचित नादापेक्षा ओळखीच्या वाद्यातून निघालेला अनोळखी राग त्यांना आत शिरण्यास सोपा गेला असावा.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. रॉक संगीतातील सतार बऱ्याचदा रंगापुरती असे; ती काढून घेतली तरी गाणे उभे राहते. आनंदशंकर यांच्या १९७० च्या तबकडीत याच्या उलट दिशेने, रॉकच्या गाण्यांना सतारीवर आणण्याचा प्रयोग दिसतो. तो रंजक आहे, पण खोल नाही. ‘कॉल ऑफ द व्हॅली’त रॉकचा अंशही नाही. तिने पाश्चात्त्य श्रोत्यासाठी आपली भाषा बदलली नाही, आणि बहुधा म्हणूनच त्या काळातील अनेक मिश्र प्रयोग जुने झाले तरी ती जुनी झाली नाही. खऱ्या अर्थाने दोन्ही बाजूंना समान वजन देणारा प्रयोग पाहण्यासाठी जॉन मॅकलॉफ्लिन, एल. शंकर व झाकिर हुसेन यांच्या ‘शक्ती’ची १९७६ मधील पहिली तबकडी येईपर्यंत वाट पाहावी लागली.

मुंबईतील ध्वनिमुद्रणे

जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईस आले आणि ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताचा काही भाग त्यांनी एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. त्या वादकांत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया होते, तसेच सूरबहारवादक चंद्रशेखर नारिंग्रेकर व तारशहनाईवादक विनायक व्होरा यांचीही नावे आढळतात. ‘वंडरवॉल म्युझिक’ ही तबकडी त्याच वर्षी अॅपल या कंपनीची पहिली दीर्घ तबकडी म्हणून प्रसिद्ध झाली. याच बैठकांत ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गीताचे वाद्यसंगीतही मुद्रित झाले. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांनीही मुंबईत स्थानिक वादकांसह ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ही आपली गीते नव्याने मुद्रित केली. विजय राघव राव यांनी त्या वादकांचे संयोजन केले होते. ही मुद्रणे अधिकृतपणे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईच्या वादकांचा रॉकच्या इतिहासातील हा वाटा मोठा आहे. तथापि त्या तबकड्यांच्या मुखपृष्ठावर त्यांची नावे नाहीत.

टीका

शास्त्रीय संगीताच्या काटेकोर मापाने पाहिल्यास या तबकडीवर आक्षेप घेता येतात. एका रागाला सहा-सात मिनिटे मिळाली की आलाप, जोड, झाला हा क्रम आखडता घ्यावा लागतो, आणि बडा ख्याल ऐकणाऱ्या रसिकाला भूपाची नुसती ओळख झाल्यासारखे वाटते. निसर्गचित्राची चौकट दिल्याने राग वर्णनात्मक होतो, त्याची स्वायत्तता जाते, असाही एक मुद्दा आहे. तो अधिक गंभीर आहे. अहिर भैरव ऐकताना ज्याला दरवेळी मेंढ्याच दिसू लागतील, त्याचे नुकसान झाले असे म्हणावे लागेल. शिवाय या तबकडीच्या यशानंतर धबधबे, सूर्यास्त आणि पक्ष्यांची चित्रे छापलेल्या, ‘मनःशांतीचे संगीत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गुळगुळीत ध्वनिफितींची जी लाट आली, तिच्यात नक्कल पुष्कळ आणि राग थोडा होता.

या आक्षेपांपैकी पहिला तबकडीच्या हेतूलाच लागू पडत नाही. हे मैफलीचे दस्तऐवजीकरण नसून तबकडी या माध्यमासाठी रचलेली कृती आहे. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर वादनातच मिळते. वेष्टनावरील मजकूर न वाचता, कथा माहीत नसताना ऐकले तरी रागांची रूपे शुद्ध व पूर्ण उमटतात. पिलूपाशी मात्र गोडवा किंचित अधिक झाला आहे आणि देस आणखी थोडा हवा होता, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

पुनर्प्रकाशन

ही ध्वनिमुद्रिका पुढे ध्वनिफितीच्या रूपात घरोघरी पोचली. १९९५ मध्ये ई.एम.आय.ने तिची सीडी आंतरराष्ट्रीय बाजारात आणली. तीत गारा, मिश्र किरवाणी व बागेश्री या रागांतील वादन शेवटी जोडलेले आहे. हे वादन याच कलावंतांचे व श्रवणीय असले तरी ते मूळ रचनेचा भाग नाही. पहाडीने रात्र संपल्यानंतर पुन्हा नवे राग सुरू झाल्याने दिवसाचे वर्तुळ बिघडते. इंटरनेटवर उपलब्ध असलेल्या बहुतेक प्रती या सीडीवरूनच घेतलेल्या असतात. त्यामुळे प्रथमच ऐकणाऱ्याने पहाडी संपताच थांबावे, आणि पिलू व भूप यांच्या मध्ये, पूर्वी तबकडी उलटण्यास लागे तेवढी, मिनिटभराची उसंत घ्यावी.